वलंदेजांची इंग्रजी

गेल्या दिवाळींत आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. हॉलंड देशांतील आइंडहोवन या गांवीं एका यंत्रांच्या कारखान्यांत तो सात-आठ वर्षें नोकरीस आहे. नमस्कार, क्षेमकुशल व फराळ चालू असतां तो म्हणाला, "सर, त्या देशांत इंग्रजी येत नाहीं असा मनुष्य मुद्दाम शोधून काढावा लागतो. बसचा चालक, भाजीवाली, नळदुरुस्तीला आलेला कारागीर, कोणाशींहि इंग्रजींत बोला, अडत नाहीं. आणि हीं सारीं माणसें शाळा शिकलीं तीं डच भाषेंतून! आपण इंग्रजीसाठीं एवढा जीव टाकतों. मग त्यांनाच हें इतकें सहज कसें जमतें?" एवढें विचारून तो चिवड्याकडे वळला. आम्ही मात्र त्या प्रश्नांत अडकून पडलों आणि पुढील दोन-तीन महिने त्याचाच पाठपुरावा करीत राहिलों. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आपल्या जुन्या कागदपत्रांत या लोकांना 'वलंदेज' म्हटलेलें आढळतें. १६३७ सालीं त्यांनीं आपल्या वेंगुर्ल्यास वखार घातली. तिचे पडके अवशेष तेथें अजून पहावयास मिळतात. हॉलंड, अथवा नेदरलंड, या देशाची वस्ती आज एक कोटि ऐंशी लाखांच्या आसपास आहे. शेजारच्या बेल्जमचा उत्तर भाग जो फ्लांडर्स, तेथील लोकांची भाषाहि डचच. युरोपीय संघानें २०१२ सालीं आपल्या सर्व देशांत भाषाज्ञानाची पाहणी केली होती. तींत इंग्रजींत संभाषण करतां येतें असें सांगणारे लोक हॉलंडांत शेंकडा ९० निघाले. जर्मनींत ५६, फ्रान्समध्यें ३९, आणि स्पेनमध्यें अवघे २२. हीं ज्याचीं त्यानें स्वतःविषयीं दिलेलीं उत्तरें आहेत, तेव्हां त्यांतून थोडी फुशारकी वजा करावी. तरी अंतर उरतेंच.

आमचे स्नेही या कोड्याचा उलगडा एका शब्दांत करतात : "भगिनीभाषा!" हें उत्तर खोटें नाहीं. इसवी सनाच्या पांचव्या शतकांत अँगल, सॅक्सन, ज्यूट वगैरे टोळ्या उत्तर समुद्र ओलांडून ब्रिटनमध्यें जाऊन वसल्या व त्यांच्या बोलींतून इंग्रजी घडली. मागें मुख्य भूमीवर राहिलेल्या आप्तांच्या व शेजाऱ्यांच्या बोलींतून फ्रीजियन, डच आणि जर्मन या भाषा निघाल्या. फ्रीजियन ही हॉलंडच्या उत्तरेकडील एका प्रांतांत अजून बोलतात व ती इंग्रजीची सर्वांत जवळची. तिच्या पाठोपाठ डच. पुढें दक्षिणेकडील जर्मन बोलींत व्यंजनांचा मोठा पालट झाला. 'प'चा 'फ' झाला, 'त'चा 'स' किंवा 'त्स' झाला, 'क'चा घशांतला 'ख' झाला. त्या लाटेचें पाणी डच आणि इंग्रजी यांच्या उंबऱ्यापर्यंत पोंचलेंच नाहीं. म्हणून पाण्याला इंग्रज 'वॉटर' म्हणतो, डच मनुष्य 'वातर' म्हणतो, आणि जर्मन 'वासर' म्हणतो. जहाजाला इंग्रजींत 'शिप', डचमध्यें 'स्खिप', जर्मनमध्यें 'शिफ'. 'करणें' या क्रियापदाचीं रूपें अनुक्रमें 'मेक', 'माकन' आणि 'माखेन'. दहा या संख्येला इंग्रजींत 'टेन', जर्मनमध्यें 'त्सेन', आणि डचमध्यें चक्क 'तीन'! आमच्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यांत दुकानदारानें 'तीन' सांगितले. यानें तीन नाणीं पुढें केलीं, आणि बराच वेळ दोघेहि एकमेकांकडे पहात उभे राहिले.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांना येथें आणखी एक मौज वाटेल. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें असें प्रतिपादन केलें, आणि गॉथिक भाषाहि त्याच कुळांतली असावी असा तर्क केला. इंग्रजी व डच या त्या गॉथिकच्याच जातीच्या. परंतु इंग्रजीचा चेहरा काळाच्या ओघांत इतका पालटला आहे कीं तिच्यांत जुनी ओळख पटत नाहीं. डच भाषेंत ती चटकन पटते. नांवाला डच मनुष्य 'नाम' म्हणतो, शुद्ध आपल्यासारखें. इंग्रजांनीं त्याचें 'नेम' केलें, कारण पंधराव्या शतकापासून पुढें दोन-अडीचशें वर्षें त्यांच्या दीर्घ स्वरांची सारखी उलथापालथ चालू होती. जूं या अर्थीं संस्कृत 'युग', डच 'युक'. गुडघ्याला संस्कृत 'जानु' आणि डच 'क्नी'. इंग्रजींत आरंभींचा 'के' लिहितात, पण उच्चारांत गाळतात. मुलीला संस्कृत 'दुहितृ', डच 'दोख्तर'.

रात्रीच्या शब्दाची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण तिच्यांत आमचा एक जुना अपराध गुंतलेला आहे. शाळेंत इंग्रजी शिकवीत असतां 'नाइट' या शब्दांतील 'जी' व 'एच' हीं दोन अक्षरें मुलें हमखास गाळीत. आणि ज्यानें गाळलीं त्यानें तो शब्द पन्नास वेळां लिहावा असा आमचा दंडक असे. या आमच्या पाहुण्यानेंच एकदां वर्गांत उभें राहून विचारलें होतें, "सर, उच्चार करायचा नाहीं, तर लिहायचें कशाला?" उत्तर आम्हांला येत नव्हतें. येत नाहीं असें कबूल करण्याचें धैर्यहि नव्हतें. म्हणून पन्नासाऐवजीं शंभर वेळां लिहिण्याची आज्ञा केली. त्या प्रश्नाचें उत्तर हॉलंडांत रोज तोंडीं ऐकूं येतें. रात्रीला डच मनुष्य 'नाख्त' म्हणतो. तो घशांतला 'ख' इंग्रजींतहि पूर्वीं होता; पुढें तो मेला, आणि 'जी'-'एच' हीं दोन अक्षरें त्याच्या समाधीसारखीं लेखनांत राहिलीं. त्या 'नाख्त'च्या पाठीमागें आपला 'नक्तम्' उभा आहे. 'एट' या शब्दांतील मुक्या अक्षरांचीहि हीच कथा. डच 'आख्त', संस्कृत 'अष्ट'. इतकीं वर्षें जें आम्ही इंग्रजांचें खूळ म्हणून शिकविलें, त्याचा अर्थ शेजारच्या घरांत जिवंत होता.

आतां डच मुलाच्या जागीं बसून पहा. त्याला 'नाइट', 'एट', 'नी' यांचें विचित्र लेखन पाहून आश्चर्य वाटत नाहीं. त्याच्या स्वतःच्या भाषेंत त्या जागीं अक्षर आहे आणि उच्चारहि आहे. आमचीं मुलें 'सिंग-सँग-संग', 'ड्रिंक-ड्रँक-ड्रंक' हे तक्ते रामरक्षेसारखे पाठ करितात. त्याच्या घरीं 'झिंगन-झोंग-खेझोंगन', 'द्रिंकन-द्रोंक-खेद्रोंकन' असा प्रकार आधींपासून नांदत असतो. विभक्तींचें जंजाळ इंग्रजीप्रमाणें डचनेंहि जवळजवळ टाकून दिलें आहे. जर्मनमध्यें चार विभक्ति व तीन लिंगें अजून शाबूत आहेत. शिवाय देवघेव दोन्ही बाजूंनीं झाली. 'स्किपर', 'डेक', 'यॉट', 'बॉस', 'कुकी' हे इंग्रजी शब्द डचांकडून गेलेले आहेत, आणि आजचें न्यूयॉर्क १६६४ पर्यंत 'नवें ॲम्स्टरडॅम' होतें. भाषेच्या जवळिकीचा परिणाम मोजतांहि आलेला आहे. हॉलंडांत येऊन राहणाऱ्या परदेशीयांसाठीं डच भाषेची सरकारी परीक्षा असते. तिच्या निकालांचा अभ्यासकांनीं कसून विचार केला, तेव्हां ज्याची मातृभाषा डचपासून जितकी दूर, त्याचे गुण सामान्यतः तितके कमी, असें दिसून आलें. म्हणजे अंतर ही खरोखरीची वस्तु आहे. विद्यार्थ्याच्या आळसाला दिलेलें गोड नांव नव्हे. हें वाचलें त्या रात्रीं वर्गांतल्या शेवटच्या बांकावरचे कित्येक चेहरे आमच्या डोळ्यांपुढून गेले. त्यांना आम्ही 'ठोंब्या' म्हणत असूं.

परंतु नातें हेंच एकमेव कारण मानलें तर न्यायशास्त्र आड येतें. कारण ठरवावयाचें तर अन्वय व व्यतिरेक दोन्ही तपासावे लागतात. कारण आहे तेथें कार्य आहे काय? जर्मन भाषाहि इंग्रजीची बहीणच. मग जर्मनीचा आंकडा ५६ वर कां थांबावा? कारण नाहीं तेथें कार्य नाहीं काय? फिनलंडची भाषा इंग्रजीच्या कुळांतली तर नव्हेच, आपल्या आर्य-युरोपीय कुळांतलीहि नव्हे. तरी तेथें त्याच पाहणींत शेंकडा ७० लोकांनीं इंग्रजी येतें म्हणून सांगितलें. शिवाय नातें हजार-दीड हजार वर्षांचें, आणि वलंदेजांचें हें इंग्रजीप्रावीण्य दोन-तीन पिढ्यांचें. सतराव्या शतकांत पूर्वेकडील बंदरांतून डच व्यापारी पुष्कळदां पोर्तुगीज भाषेंत सौदे करीत, कारण त्या किनाऱ्यांवर तीच चालत असे. १८६३ च्या कायद्यानें हॉलंडांत नव्या धर्तीच्या माध्यमिक शाळा निघाल्या, त्यांत फ्रेंच, जर्मन व इंग्रजी या तिन्ही भाषा होत्या. पण घरंदाज मंडळींचा ओढा फ्रेंचकडे. त्या काळच्या सामान्य माणसाच्या इंग्रजीला तर एक थट्टेचें नांवच पडलें, 'दगडी कोळशाची इंग्रजी'. विलायतेहून कोळशाचीं जहाजें बंदरांत येत, त्यांवरील खलाशांशीं गोदींतले मजूर जी मोडकीतोडकी भाषा बोलत तिला हें नांव मिळालें. आजहि वाईट इंग्रजी बोलणाऱ्या डच पुढाऱ्याच्या माथीं वर्तमानपत्रें हाच शब्द मारतात. १९४५ नंतर मात्र फ्रेंच मागें पडली, जर्मनविषयीं मनांत कडवटपणा राहिला, आणि इंग्रजी पुढें आली.

मग हॉलंड, फिनलंड, स्वीडन, डेन्मार्क यांत असें काय आहे, जें जर्मनी, फ्रान्स, स्पेन, इटली यांत नाहीं? आमच्या मतें उत्तर पडद्यावर आहे. जर्मनी-फ्रान्समध्यें परदेशी बोलपट येतो तेव्हां त्यांतील पात्रांच्या तोंडीं देशी भाषा घालण्याचा प्रघात आहे. आठ कोटींहून अधिक वस्तीच्या जर्मनींत त्याचा खर्च भरून निघतो. हॉलंडसारख्या लहान देशांत तो परवडत नाहीं. म्हणून तेथें मूळ आवाज तसाच ठेवून खालीं डच अक्षरें दाखवितात. वाचतां न येणाऱ्या लहान मुलांच्या चित्रांना तेवढे डच आवाज देतात. परिणाम काय होतो? सात-आठ वर्षांचें मूल वाचूं लागलें कीं रोज संध्याकाळीं डोळ्यांनीं डच वाचतें आणि कानांनीं इंग्रजी ऐकतें. शिक्षक नाहीं, छडी नाहीं, गृहपाठ नाहीं. काटकसरीपोटीं सुरू झालेली चाल, पण कोणत्याहि शिक्षणखात्यानें योजली नसती इतकी उत्तम पाठशाळा तिनें घरोघर उघडली. आपल्याकडे मराठी मुलांना हिंदी कोणी शिकविली? शाळेनें थोडी, बोलपटांनीं फार. त्यांतहि नातें जवळचें असल्यामुळें कानावर पडलेलें रुजतें. डच मुलाचें इंग्रजीशीं असेंच आहे.

याची सर्वांत चांगली साक्ष बेल्जममध्यें मिळते. फ्लांडर्समधील मुलांना शाळेंत पहिली परकी भाषा म्हणून फ्रेंच शिकावी लागते. इंग्रजीचे तास माध्यमिक शाळेंत गेल्यावर सुरू होतात. गेंट येथील अभ्यासकांनीं ते तास सुरू होण्यापूर्वींच, दहा ते बारा वर्षांच्या मुलांचें इंग्रजी तपासून पाहिलें व २०२० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकहि तास न झालेल्या पुष्कळ मुलांना साधें इंग्रजी समजत होतें आणि कित्येकांना बोलतांहि येत होतें. संगणकावरील खेळ व इंग्रजींतील गप्पा यांत जीं मुलें अधिक रमलेलीं, त्यांचें ज्ञान अधिक. जिच्यासाठीं तास, वही, परीक्षा आणि कायदा आहे, त्या फ्रेंचची मात्र तेथें अनेक मुलें धास्ती घेतात! शिक्षकाच्या धंद्यांत जन्म घालविलेल्या माणसाला ही हकीकत फारशी सुखावह नाहीं; पण खरी आहे.

शाळेचा वांटा अगदींच नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. हॉलंडांत १९८६ पासून प्राथमिक शाळेच्या शेवटच्या इयत्तांत इंग्रजी सक्तीची आहे, आणि माध्यमिक परीक्षेंतून तिला सुटका नाहीं. कानांनीं आणलेला कच्चा माल शाळा घांसूनपुसून घेते. पण गणित, इतिहास, भूगोल, सारें डचमध्यें. १९८९ पासून कांहीं माध्यमिक शाळांनीं निम्मे विषय इंग्रजींत शिकविण्याची सोय केली, तीहि बारा वर्षांपुढील व डच पक्की झालेल्या मुलांसाठीं. अडीच वर्षांच्या मुलाला पाणी हवें असल्यास तें इंग्रजींतच मागितलें पाहिजे, असा नियम करणाऱ्या आमच्या इकडील बालकमंदिरांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यानें तेथील एका शिक्षिकेस सांगितली. ती बाई गंभीरपणें म्हणाली, "मग तें तहानलेलें रहात असेल." अर्थात् तिच्या वर्गांतील मुलांना अर्धी इंग्रजी जन्मतःच मिळालेली, आणि आपल्या मुलांना ती सातासमुद्रांपलीकडची. तेव्हां तिचें जसेंच्या तसें उचलूं म्हटलें तर फसगत होईल. परंतु माध्यम बदललें कीं भाषा येते, ही जी आपल्या सुशिक्षित घरांतून पसरलेली श्रद्धा आहे, तिला हॉलंडांत आधार सांपडत नाहीं.

वलंदेजांची इंग्रजी निर्दोष असते, असेंहि नाहीं. शब्दाच्या शेवटचें मृदु व्यंजन त्यांच्या तोंडीं कठोर होतें. 'बेड'चा 'बेट' होतो, 'डॉग'चा 'डॉक' होतो. इंग्रजीचा जिभेच्या टोंकाचा 'थ' त्यांना आपल्याइतकाच परका. वाक्यारंभीं 'काल' आला कीं त्यांच्या भाषेच्या नियमानें क्रियापद लगेच दुसऱ्या जागीं उडी मारतें. आणि सर्वांत फसवे ते नातलग शब्द. डचमध्यें 'स्लिम' म्हणजे हुशार. उद्योजकाला डच शब्द 'ओंदरनेमर'. त्याचे तुकडे शब्दशः इंग्रजींत केले कीं 'अंडरटेकर' होतो, म्हणजे प्रेतांची व्यवस्था पाहणारा. आमचें राष्ट्र अशा लोकांचें आहे, असें एका डच पंतप्रधानानें परदेशांत अभिमानानें सांगितल्याची आख्यायिका तेथें प्रसिद्ध आहे. हंसण्यापूर्वीं आपण आपलें हिंदी आठवावें. उत्तरेंत 'शिक्षा' घेणाऱ्या मुलाचें कौतुक होतें आणि आपल्याकडे त्याची कींव येते. तिकडे 'चेष्टा' करणारा उद्योगी ठरतो, इकडे तो मार खातो.

येथवर सारें कौतुकाचें झालें. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि खुद्द हॉलंडांत तिच्याविषयीं बरीच अस्वस्थता आहे. १९९० च्या सुमारास शिक्षणमंत्री यो रित्सन यांनीं विद्यापीठांतील अध्यापन इंग्रजींत व्हावें असें सुचविलें, तेव्हां इतका गदारोळ झाला कीं पुढें उच्च शिक्षणाच्या कायद्यांतच डच भाषेचें स्थान नमूद करावें लागलें. कायदा राहिला, विद्यापीठें आपल्या वाटेनें गेलीं. आज तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रमांपैकीं फार मोठा भाग इंग्रजींत चालतो. २०१९ सालीं ॲम्स्टरडॅमच्या फ्रैये विद्यापीठानें खुद्द डच भाषेचा पदवी-अभ्यासक्रम विद्यार्थ्यांअभावीं बंद करण्याचें ठरविलें; देशाच्या राजधानींत, देशाच्याच भाषेचा! २०२४ सालीं विद्यापीठांतील इंग्रजीला आळा घालण्यासाठीं कायद्याचा मसुदा लोकसभेपुढें आला व त्यावर पुष्कळ वाद झाला. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय परीक्षेंत पंधरा वर्षांच्या डच मुलांपैकीं सुमारें एक तृतीयांश मुलांचें वाचन जेमतेमहि नाहीं असें आढळलें, आणि ती परीक्षा त्यांच्या स्वतःच्या भाषेंतली होती. त्याचें खापर इंग्रजीवर फोडण्यास कांहींजण पुढें सरसावले. तें आम्हांला पटत नाहीं, कारण पुस्तकाकडे पाठ फिरविणारीं मुलें इंग्रजीचीं पुस्तकें तरी कोठें वाचतात? परंतु काळजी खरी आहे. आपल्या भाषेंत कांदे-बटाटे घ्यावे, भांडावें, रडावें, आणि विचार मात्र दुसरीच्या भाषेंत करावा, ही स्थिति कशी असते हें मराठी वाचकाला सांगावयास नको.

आमच्या विद्यार्थ्याची तक्रार तर निराळीच. आठ वर्षें राहूनहि त्याला डच धड येत नाहीं, कारण कोणी येऊं देत नाहीं! दुकानांत शिरून त्यानें मोठ्या तयारीनें एक डच वाक्य म्हणावें, आणि समोरच्यानें उच्चार ऐकून सौजन्यानें इंग्रजींत उत्तर द्यावें. त्याची मुलगी मात्र डच शाळेंत जाते आणि तेथील मुलांसारखी बोलते.

मागच्या महिन्यांत फोनवर तिला आम्ही रात्रीचा डच शब्द म्हणून दाखवावयास सांगितलें. तिनें म्हटला. त्यामागून आम्ही म्हटला. "नाहीं आजोबा," ती म्हणाली, "ख असा नाहीं, आणखी आंतून काढायचा. परत म्हणा." आम्ही परत म्हटला. तिचें समाधान झालें नाहीं. पाठीमागून तिच्या बापाचा आवाज आला, "शंभर वेळां म्हणा, सर."